द्वारावरचा नगारखाना

उज्जैनच्या क्षिप्रा मित्रमंडळाच्या बैठकीत पुन्हा अक्षरांवरच चर्चा चालली होती आणि मधुराला उठून निघून जावंसं वाटत होतं. ‘उज्जयिनी द्वार’ ही अक्षरं पितळेची असावीत की संगमरवरात कोरलेली?

नव्व्याण्णव सालच्या दिवाळीच्या तोंडावर ओरिसाच्या किनाऱ्यावर ते भयंकर वादळ आलं, तेव्हा मंडळाने कोळ्यांचं एक गाव पुन्हा उभं करायचं ठरवलं होतं. मधुरा पॉलिटेक्निकमध्ये बांधकाम शिकवायची, म्हणून जानेवारीत मदतीच्या ट्रकबरोबर तिला पाठवलं. ट्रकात निम्मे लोकरीचे स्वेटर होते. गावातल्या शाळेच्या मास्तरीण मिनती बेहेरा यांनी त्यातला एक उचलून शांतपणे विचारलं, “दीदी, उज्जैन में बर्फ गिरता है क्या?”

मिनतीनेच तिला सगळा किनारा फिरून दाखवला. वाऱ्याने घरं पाडली होती, पण माणसं नेली ती पाण्याने. आसपास चढून बसायला काहीच नव्हतं. होड्या सोडून लोक आत जाऊन राहणार नव्हते. त्यांना उंच जोत्याची स्वतःची घरं हवी होती, किनाऱ्याला सुरूची झाडं हवी होती आणि पाणी आलं की सगळ्यांना चढता येईल अशी एक पक्की जागा हवी होती.

परत आल्यावर मधुराने हे मंडळाला सांगितलं आणि तिथून तिचे हाल सुरू झाले. मंडळाला सिमेंटच्या पत्र्यांची एक सरळ चाळ बांधायची होती. वाऱ्याने उडालेला पत्रा मान कापतो, हे ती बैठकीमागून बैठकीत सांगत राहिली, तेव्हा कुठे चाळ रद्द झाली. घरं गावकऱ्यांनीच बांधावीत, आपण सामान द्यावं, हेही शेवटी मान्य झालं. गावाच्या तोंडाशी उभारायचं उज्जयिनी द्वार मात्र कायम राहिलं.

“तात्या, तिथे कुंपण नाही, तर द्वार कशाला?” तिने विचारलं.

तात्या म्हणजे सुधाकरराव, मंडळाचे अध्यक्ष आणि मधुराचे सासरे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते घरातही अध्यक्षच होते.

“मधुरा, माणिकशेठ सळ्या, सिमेंट, गवंडी सगळं देताहेत, पण वडिलांच्या स्मरणार्थ, अन् फक्त द्वारासाठी. नाही म्हटलं तर ते सगळंच जाईल.”

माणिकशेठ समोरच बसले होते. मोठे ठेकेदार. त्यांनी मान हलवली. “बाबूजींचं नाव चार लोकांनी वाचलं पाहिजे, वहिनी. बस, इतकंच.”

घरी येऊन तिने नवऱ्याला ऐकवलं. श्रीनाथ पोळी मोडत म्हणाला, “जाने दे ना. तात्यांना कोण समजावणार?” तिने भाजीचं पातेलं जरा आपटूनच ठेवलं.

पुढच्या बैठकीत माणिकशेठनी द्वाराचं चित्र आणलं. दोन जाडजूड खांब, वर कमान. “खालून भरलेला ट्रक आरामात गेला पाहिजे, एवढं उंच,” ते अभिमानाने म्हणाले.

मधुरा चित्राकडे बघत राहिली. गावात पाणी याहून खालीच राहिलं होतं. भिंतींवरच्या खुणा तिने स्वतः पाहिल्या होत्या.

“तात्या,” ती म्हणाली, “आपल्याकडे द्वारावर नगारखाना असतो ना? नुसती कमान जरा ओकीबोकी दिसेल.”

तात्यांचे डोळे चमकले. नगारखान्याशिवाय द्वार ही कल्पनाच आता त्यांना सहन होईना. माणिकशेठही भिडेखातर हो म्हणाले.

मग ती तो नगारखाना रुंद करत गेली. वरच्या वजनाला खांब वाढवावे लागतील. जिना दुतर्फा हवा, शोभा येते. सज्जा चारही बाजूंनी असला की बाबूजींचं नाव चारही दिशांना लिहिता येईल. दर वेळी चहा, स्तुती, पुन्हा तीच चर्चा. पाणी आलं की वर सगळं गाव मावेल हे ती आधीपासून उघड सांगतच होती, पण ते कोणी ऐकत नव्हतं. नगारखाना म्हटलं की सगळे कान टवकारत. या गोष्टीचा तिला जितका संताप आला तितका आयुष्यात कशाचाच आला नव्हता.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याआधी बांधकाम पूर्ण झालं. खांबांवर उभी एक लांबरुंद खोली, आत मिनतीची शाळा. तात्यांनी फीत कापली आणि भाषणात पेशव्यांपासून सुरुवात केली. उडिया लोक टाळ्या वाजवत राहिले.

पावसाळा सरता सरता एका सकाळी मिनतीचा एसटीडी बूथवरून फोन आला. आवाज चिडलेला होता. रेडिओवर इशारा आला, तिने घरोघरी फिरून सगळ्यांना वर चढवलं, आणि वादळ आंध्राकडे वळलं.

“सब मुझे गाली दे रहे हैं, दीदी. मछली सड़ गई, कहते हैं. बोलते हैं, अगली बार नहीं चढ़ेंगे. कितना समझाऊँ? कोई सुनता ही नहीं.”

मधुरा पलंगाच्या कडेला बसली. खूप दिवसांनी तिला मोकळं हसू आलं.

“सब लोग चढ़े थे?” तिने विचारलं.

“सब. बूढ़े भी.”

“तो अगली बार भी चढ़ाना. गाली देने दो.”

पलीकडे मिनतीने मग आपल्या सरपंचाबद्दल तक्रार सुरू केली. मधुरा मान डोलावत ऐकत राहिली.