घटक राज्याची साखर आणि चंद्रावतीची म्हैस

म्हशीच्या पोटात केवढं सामान मावतं, ते आमच्या आमोण्यातल्या वाड्याला तीस मे सत्त्याऐंशीच्या सकाळी कळलं. ज्यांनी ते पाहिलं त्यातल्या दोघांची तोंडं अजून नीट मिटलेली नाहीत. त्यातला एक मी.

गोवा घटक राज्य झालं तो हा दिवस. वाड्यावर सगळ्यांसाठी शिरा व्हायचा होता. गोकुळदास हा आमच्याकडच्या कोकणीवाल्यांचा पुढारी. साखरेचं पोतं मांडवात आणून तो स्वतःच त्यावर राखणीला बसला होता, आणि त्याचं वजन असं की खालच्या थरातली साखर पिठी होऊन शिवणीतून उडत होती. समोर चुलीचे दगड लावत होता बाबुराव, कट्टर मराठीवाला. फेब्रुवारीत कोकणीला राजभाषा करणारा कायदा झाल्यापासून दोघांत शब्द नव्हता. एकाला शिंक आली तर दुसरा तोंड फिरवी.

एवढ्यात चंद्रावतीच्या गोठ्यातून किंकाळी आली. देवळाच्या घंटेवरची चिमणी उडून जावी, ती अशी.

धावत गेलो आणि दारातच थिजलो. म्हैस पहाटे व्याली होती. रेडकू ठणठणीत, कोपऱ्यात पाय झाडत होतं. पण म्हैस कळा द्यायची थांबलीच नाही, आणि अंगरख्याची बाही उलटी ओढावी तशी तिची गर्भाची पिशवीच, म्हणजे मायांग, उलटून बाहेर लोंबत होती. लाल, ओली, जिवंत.

"माझा घर गेला रे!" चंद्रावती कपाळ बडवत होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. साखळी गावातल्या दोन चहावाल्यांना जाणारं दूध हेच तिचं घर. गुरांचे डॉक्टर राज्याचा सोहळा बघायला पणजीला गेले होते, ते संध्याकाळशिवाय येत नव्हते. आणि म्हैस संध्याकाळपर्यंत टिकत नव्हती.

बाबुरावाने सदरा काढला. सावंतवाडीकडे त्याने वेताला अडलेली कैक गुरं सोडवली होती. त्याने पिशवी दोन्ही हातांनी उचलून आत ढकलायला घेतली. जाईना.

आमच्या वाड्याची एक रीत आहे. जखम असो, सूज असो, विंचू चावो, आधी देवीच्या विहिरीचं पाणी. दोन्ही भाषावाल्यांचं एवढ्याच बाबतीत एकमत. आम्ही रांग लावली. कळशीमागून कळशी त्या पिशवीवर ओतत राहिलो. चंद्रावती हात जोडून म्हणत होती, "आई, सांभाळ. आई, सांभाळ."

आणि आई सांभाळेना. बाहेर आली तेव्हा पिशवी होती भोपळ्याएवढी. दहाव्या कळशीला झाली फणसाएवढी. विसाव्या कळशीला मला तिच्यामागची म्हैस दिसेना. बाबुराव पांढराफटक पडला. "ह्या वाढता हा," तो पुटपुटला. "आपण पाणी घालतो तसा ह्या वाढता हा!"

कोणीतरी म्हणालं, देवी कोपली. चंद्रावती मटकन खाली बसली.

"थांबवा ते पाणी!"

दारात विनोदिनीबाई. साखळीच्या शाळेत विज्ञान शिकवतात, सुटीला घरी आलेल्या. एवढ्याशा चणीच्या, पण आवाज असा की माझ्या हातातली कळशी आपोआप उभी राहिली.

"बाई, देवीचं पाणी आहे," मी म्हटलं.

"देवीचं असलं तरी गोडच ना, बिनमिठाचं? त्या मांसात लाखो पेशी आहेत. पेशी म्हणजे पाण्याची इवलीशी पिशवी, आत थोडं खारट. कातडी इतकी पातळ की पाणी आरपार जातं. आत दाट, बाहेर पातळ, मग बाहेरचं पाणी आत शिरणारच. तुम्ही वीस कळश्या तिला पाजल्यात!"

"माझी म्हस मरता हा, आणि तुमका शाळा सुचता?" चंद्रावती कडाडली.

"चंद्रावती, तू आंब्याच्या फोडींना मीठ चोळून ठेवतेस. सकाळी बरणीत पाणी कुठून येतं?"

"फोडींतून येता. आणि खंयसून येतला?"

"कोण काढतं ते?"

चंद्रावती रडायची थांबली. "...मीठ."

"तसंच हिचं काढायचं. बाहेर जास्त दाट केलं की आतलं पाणी उलटं धावत येईल. पण मीठ त्या उघड्या मांसाला झोंबेल. आपल्याला साखर पाहिजे. पुष्कळ."

मग सगळ्यांच्या माना एकदमच मांडवाकडे वळल्या.

"ना!" गोकुळदास दारातून ओरडला. "ती साकर राज्याची आसा! लोकांच्या तोंडांत घालपाची. म्हशीच्या... म्हशीच्या..." पुढचा शब्द त्याला कोकणीतही सापडेना आणि मराठीतही.

चंद्रावती उठली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. नुसती बघत राहिली. गोकुळदास गेला, आणि पोतं खांद्यावर घेऊन आला.

"आता पाणी नको. धुतलेलं धोतर आणा, पिशवी वर उचलून धरा," बाईंनी सांगितलं. धोतर आलं. एक टोक बाबुरावाने धरलं. दुसरं धरायला ताकदीचा माणूस हवा होता, आणि तसा एकच होता.

"वर धर मरे," बाबुराव म्हणाला.

"धरलां मरे," गोकुळदास म्हणाला.

चार महिन्यांतलं पहिलं बोलणं.

बाईंनी ओंजळीओंजळीने साखर ओतली. पहिली ओंजळ विरघळली. दुसरी विरघळली. मग धोतराच्या खालून एक थेंब पडला. मग धार. आम्ही डोळे फाडून बघत होतो. गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत पाक वाहत आला. पहिल्या पाच मिनिटांत वाड्यातल्या मुंग्या आल्या, अर्ध्या तासात खांडोळ्याच्या फेरीबोटीतून नदीपलीकडच्या. आणि त्या फणसाला सुरकुत्या पडायला लागल्या. माझ्या डोळ्यांदेखत, शपथ घेऊन सांगतो, फणसाचा भोपळा, भोपळ्याचा नारळ. "देवा रे," एवढंच बाबुराव म्हणत होता. "देवा रे."

"आता!" बाई म्हणाल्या.

आम्ही म्हशीचा मागचा भाग फळीवर चढवला. बाबुरावाने मूठ वळली आणि पिशवी हळूहळू आत सारली. मनगट गेलं, कोपर गेलं, खांदा टेकला. मग त्याने हात बाहेर काढला. रिकामा.

पण म्हैस मान टाकून पडली होती. डोळे पांढरे. चंद्रावतीने तिच्या नाकपुडीशी हात धरला. म्हशीने पुन्हा कळ दिली असती तर सगळं परत बाहेर, आणि पोत्यात आता उरलं होतं काय?

तिने कळ दिली नाही. एक लांब उसासा टाकला, पुढचे पाय दुमडले, आणि धडपडत उभी राहिली. मान वळवून तिने हुंगलं. जवळच गोकुळदास उभा होता, गळ्यापासून पायापर्यंत पाकाने चिकचिकलेला. म्हशीने आपली खरखरीत जीभ काढली आणि त्याच्या पोटावरून छातीपर्यंत एकच लांब चाटा मारला.

"आवय गे!" गोकुळदास मागे सरकला.

"हलू नकात!" चंद्रावती किंचाळली. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती. "भूक लागली तिका! गोकुळदासांनू, उभे रवा! चाटूंदे!"

आणि घटक राज्याच्या पहिल्या दिवशी, आमच्या वाड्याचा पुढारी दोन्ही हात वर करून, डोळे गच्च मिटून, म्हशीचं पोट भरेपर्यंत उभा राहिला.