मूळचे कुठले

सोमवारपासून फुफी माझ्या खोलीत तोंड माझ्याकडे ठेवून मागे मागे चालते आहे, आणि तिला जागा पुरावी म्हणून खोली लांब होत चालली आहे. मुरुडच्या आमच्या घराची मागची भिंत आता दिसत नाही. तिकडून खारा वारा येतो आणि चित्रं उडतात, म्हणून मी गठ्ठ्यावर वरवंटा ठेवला आहे.

मी एकटीच ॲनिमेशन फिल्म करते. आम्हा सिद्दींची पहिली बाई आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गलबतात चढते, तिथपासून ती इथं येईपर्यंतची. लोक विचारतात, कुठले? आम्ही म्हणतो, मुरुडचे. मग ते हसून म्हणतात, तसं नव्हे, मूळचे कुठले? एकदाचं त्यांचं तोंड बंद करावं म्हणून हा उद्योग. त्या बाईचा चेहरा कुणालाच ठाऊक नाही, म्हणून मी फुफीचा घेतला. वडिलांच्या या बहिणीनेच मला वाढवलं. दुसरा चेहरा माझ्या हाताला येतही नाही.

शेवटचं चित्र आधी काढलं: फुफी उंबऱ्यात उभी. मग तिथून मागे जात मधली चित्रं. एक चित्र झालं की फुफी एक पाऊल मागे जाते. मी थांबले की तिचा पाय हवेत राहतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"पाय भरून आला गं, जुलेखा. काढ की पुढचं," ती म्हणाली.

"काढलं तर लांब जाशील."

"मग पूस."

पुसूनही पाहिलं. तिचं कोपर पुसट व्हायला लागलं तेव्हा खोडरबर ठेवून दिला. मी फार थकले आहे. तिचं जेवण घेऊन निघते, तर पोचेपर्यंत भाकरी वातड होते. शेजारच्या नफीसाचाची डोकावून म्हणाल्या, खोली मोठी केलीस ते बरं केलंस, पाहुण्यांची सोय झाली.

काल फुफी मागच्या मागे गलबतात चढली आणि उलटा समुद्र ओलांडून गेली. आज पहिलं चित्र तेवढं राहिलं आहे, तिकडच्या किनाऱ्याचं.

"जुलेखा," तिने लांबून हाक मारली, "इथं सगळं पांढरं आहे. खाली काय आहे?"

"मला माहीत नाही, फुफी."

"मग पाय कुठं ठेवू?"

तिचा एक पाय गलबतात होता, दुसरा बाहेर, हवेत. मी पेन्सिलीला पुन्हा टोक केलं.