मी, पांढरी आणि न्हानआजीची हनुवटी

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. वस्तुसंग्रहालयात काचेआड मानाने बसावं इतका जुना नाही. तेवढं भाग्य कुठलं! मी नुसताच बारा वर्षांचा, म्हणजे कुणालाच नको असण्याच्या वयाचा. माझ्या पोटात जुन्या कॅमेऱ्यांसारखा आरसा नाही. नवशिक्यांनी घ्यावा, हात बसला की विकून टाकावा, अशा स्वस्त जातीत मी जन्मलो. थायलंडमधल्या एका कारखान्यात चार मुलींच्या हातांखालून गेलो आणि नदी ओलांडून, दुकानं बदलत, व्हिएतनामच्या दक्षिणेला सादेक गावी येऊन पडलो. बंदराच्या रस्त्यावर खिएमकाकांचा फोटो स्टुडिओ आहे, तिथे.

खिएमकाका नवशिके नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी फोटो काढले होते. पण आरशाचा जड कॅमेरा मानेला पेलेना, म्हणून त्यांनी मला घेतलं. माझी पकड खोल, त्यांच्या जाड बोटांना बरोबर बसली. माझ्या पाठीवर डोळा लावायची छोटी खिडकी आहे. काका डावा डोळा मिटायचे, उजवा खिडकीला लावायचे, श्वास रोखायचे आणि मग क्लिक. तेतच्या सणाआधी झेंडूच्या टोपल्यांनी भरलेल्या होड्या, शाळेची पोरं, रुसलेल्या नवऱ्या, सगळं गाव माझ्यातून गेलं. लोक म्हणायचे, "खिएमचा फोटो म्हणजे माणूस जसाच्या तसा." ते ऐकून माझी बॅटरी जरा जास्त टिकायची.

समोर न्हानआजीचं घर आणि दारात तिची तांदळाच्या शेवयांच्या सुपाची गाडी होती. रोज सकाळी ती काकांना वाटी आणून द्यायची आणि मला एक पुरचुंडी. खरंच सांगतो. आमच्याकडे हवा इतकी ओली की भिंतीला हात लावला तर हात भिजतो, आणि भिंगाच्या आत बुरशी धरली की कॅमेरा संपला. भाजलेला तांदूळ ओल ओढतो, म्हणून न्हानआजी दर महिन्याला मूठभर तांदूळ खरपूस भाजून, फडक्यात बांधून माझ्या डब्यात ठेवायची.

"माणसांना कच्च्या शेवया घालते आणि कॅमेऱ्याला भाजलेले तांदूळ!" काका चिडवायचे.

"तो पैसे बुडवत नाही रे तुझ्यासारखे," ती म्हणायची आणि हनुवटीवर पंजा ठेवून हसायची.

ती नेहमी अशीच हसायची. तिच्या हनुवटीवर चिंचोक्याएवढा, चकचकीत, भाजल्याचा डाग होता. कुणी विचारलं की "तेल उडालं" एवढंच सांगायची. लग्नाच्या, सणाच्या एकूणएक फोटोत तिचा हात हनुवटीवर. दात दुखणाऱ्या बाईसारखी दिसायची.

मग पांढरी आली.

काकांची मुलगी थुई मोठ्या शहरात शिकून परतली आणि येताना तिला घेऊन आली. तीही माझ्याच स्वस्त जातीतली, बिनआरशाचीच, पण सात वर्षांनी धाकटी. अंगाने गुळगुळीत, दुधासारखी. थुईने आम्हा दोघांना टेबलावर शेजारी ठेवलं. मुलगी पाहायला आल्यावर धाकटी बहीण शेजारी बसवावी, तसं.

"बाबा, हिचा पडदा बाहेर उघडून पुढे फिरतो. स्वतःला बघत फोटो काढता येतो."

"मला स्वतःला बघायची हौस नाही."

"अंधारातल्या फोटोत दाणे दाणे येत नाहीत. आणि समोरच्याचा डोळा ही आपोआप शोधते."

"माझ्याकडे दोन डोळे आहेत की!"

"त्यातला एक तर तुम्ही मिटूनच घेता."

काका हसले. मला हसू आलं नाही. कारण मित्रांनो, थुई म्हणत होती ते खरं होतं. पांढरी पळत्या कुत्र्याला पकडायची. माझ्या फोटोत नुसती शेपूट यायची. ती वजनाला माझ्या निम्मी. तिला डोळा लावायची खिडकी नव्हती, भर दुपारी उन्हात तिच्या पडद्यावर काही दिसायचं नाही, एवढं एकच मला बोलायला होतं. तेही कुणी विचारलं नाही. आणि तिच्यात आणखी एक सोय होती. कातडी मऊ करायची. पुटकुळ्या, सुरकुत्या, डाग सगळं फोटो काढतानाच सारवून टाकायचं. नवऱ्या मुली त्यावर जीव टाकायच्या. लग्नसराईत थुईने ती सोय चालू केली आणि मग बंद करायची विसरली.

त्याच वर्षी शहात्तराव्या वर्षी न्हानआजी मरणाचा फोटो काढायला आली. आमच्याकडे म्हातारी माणसं तो आधीच काढून कपाटात ठेवतात. गेल्यावर तोच पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवायचा, त्याच्यापुढे उदबत्ती लावायची, श्राद्धाला त्याच्याचपुढे भात वाढायचा. म्हणून आजी जांभळा रेशमी आओ-याय, आमच्याकडचा सणासुदीचा लांब झगा, घालून, केसांना तेल लावून आली होती. बरोबर मुलगी लुआ. मुलगा हाओ तैवानच्या मासेमारी जहाजावर. नऊ वर्षांत घरी आला नव्हता. त्याचा फोन आला की आजी पडद्यात अशी बघायची, की त्याला फक्त तिचा भांग आणि छताचा पंखा दिसायचा.

"आज दोन्ही कॅमेऱ्यांवर काढतो. बघूच कोण सरस ठरतं," काका म्हणाले.

"माझ्या मढ्यावर शर्यत लावतोस होय रे?" आजी म्हणाली. मग स्टुलावर ताठ बसली आणि तिने हात मांडीवर ठेवला. पहिल्यांदा.

"आजी, हनुवटीवर हात नाही?" थुईने विचारलं.

"नको. हा फोटो खरा पाहिजे. नाहीतर माझ्या नावाचा भात भलतीच कुणी म्हातारी खाऊन जाईल."

काकांनी एक डोळा मिटला. मी पाहिलं. तो डाग, त्याच्याभोवती बारीक सुरकुत्यांचं जाळं, डोळ्यांत थोडी भीती आणि पुष्कळ मिस्कीलपणा. आयुष्यात मी एवढं स्वच्छ कधी पाहिलं नव्हतं. मग पांढरीने टिपलं.

संगणकावर दोन चेहरे शेजारी आले. माझ्या फोटोत न्हानआजी होती, जराशी पिवळट. पांढरीच्या फोटोत कुणी साठीची, उजळ, तुळतुळीत बाई होती.

"अगंबाई!" लुआ टाळी वाजवून ओरडली. "आई, किती छान दिसतेस! हाच. याच्यापुढे उदबत्ती लावताना मला बरं वाटेल."

आजीने चष्मा आणला नव्हता. तिने पडद्याजवळ नाक नेलं. "दुसऱ्यात मी दिसत होते की," ती हळूच म्हणाली.

"तुला काय दिसतंय चष्म्याशिवाय? तू गप बस."

न्हानआजीने काकांकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. पण त्यांनी थुईचा फुललेला चेहरा पाहिला, लुआचा पाहिला आणि म्हणाले, "गिऱ्हाईक म्हणेल तसं."

काकांचा एक नेम होता. मरणाचा फोटो छापून झाला की बाकीचे पुसून टाकायचे. "माणसाला मरण एक, फोटोही एकच. दोन ठेवले की यमाला दोनदा यावं लागतं." त्यांनी संगणकावरचा माझा फोटो पुसला, माझं कार्ड काढलं आणि तेही तिथल्या तिथे पुसलं. मग मला डब्यात ठेवून कपाटात टाकलं. पुढच्या महिन्यात आजी पुरचुंडी घेऊन आली, तेव्हा थुई म्हणाली, "आजी, तो आता वापरात नाही." आजी तांदूळ परत घेऊन गेली.

दीड वर्षाने ती गेली, हे मला कपाटातून मयताचे ढोल ऐकून कळलं.

हाओ मातीला पोचू शकला नाही. आला तो वर्षश्राद्धाला, अकरा वर्षांनी. देव्हाऱ्यापुढे उभा राहिला आणि पेटवलेली उदबत्ती तशीच हातात धरून, तसबीर उचलून थेट आमच्या दुकानात आला. मागून लुआ धावत.

"काका, ही कोण आहे?"

"अरे, तुझी आई."

"डाग कुठे आहे?" त्याने तसबिरीच्या हनुवटीवर बोट ठेवलं. "तो मी केला होता. सात वर्षांचा होतो. लसूण तळत होती, मी धावत येऊन धडकलो. तिने कुणाला सांगितलं नाही. तुलाही नाही ना, ताई?"

लुआने त्याच्या हातातून तसबीर घेतली. "मला म्हणाली, तेल उडालं."

"माफी मागायला आलोय मी. या गुळगुळीत बाईची मागू? दुसरा फोटो असेल ना, काका? एखादा तरी?"

घरातल्या सगळ्या फोटोंत आजीचा हात आडवा. ओळखपत्र मृत्यूच्या नोंदीवेळी कचेरीत जमा झालेलं. थुईने पांढरीचं सगळं शोधलं. ती रडवेली होऊन म्हणाली, "सोय चालूच राहिली होती. माझ्या लक्षातच आलं नाही."  पांढरीला दोष कसा देऊ? जे सांगितलं ते तिने केलं.

मग काकांनी मला बाहेर काढलं. माझ्या भिंगात बुरशीचं पांढरं जाळं पसरलं होतं. बॅटरी भरली. हाओ माझ्या पडद्यावर वाकला. पडद्यावर अक्षरं आली: एकही फोटो नाही.

मित्रांनो, लोकांना वाटतं कॅमेऱ्याला आठवतं. आठवतं; पण सांगता येत नाही.

शेवटी काकांनी खणातून जुनी पेन्सिल काढली. तरुणपणी याच पेन्सिलीने त्यांनी गावातल्या निम्म्या बायकांचे वण मिटवले होते. आता काका तसबिरीवर वण रेखाटायला बसले.

"सांगा. कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे," हाओ म्हणाला.

"डावीकडे," लुआ म्हणाली. "चाळीस वर्षं मी तिच्या शेजारी उभी होते."

"शेजारी होतीस. मी समोर होतो."

"समोर होतास म्हणूनच तुला उलटं दिसलं. काका, तुम्ही तर कॅमेऱ्यातून बघितलंय!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. "मी... मला आठवत नाही गं."

अकरा वर्षं घराबाहेर राहिलेला माणूस किती भांडणार? हाओ म्हणाला, "ताईच्या मनाने होऊ दे." काकांनी डाग डावीकडे रेखाटला. हाओने तिथेच गुडघे टेकले.

डाग उजवीकडे होता.

मी आता कपाटावर आहे, डब्याबाहेर. मित्रांनो, नवीन वस्तू जरूर आणा. ती खरंच चांगली असते. पण जुन्यालाही महिन्यातून एकदा मूठभर भाजलेले तांदूळ द्या. आणि चष्मा विसरलेली म्हातारी "यात मी दिसत होते" म्हणाली, तर तिला गप बसवू नका.

दर वर्षी श्राद्धाला समोरच्या घरातून भाताचा वास येतो. तेव्हा वाटतं, न्हानआजी येत असेल, दारातून तसबीर बघत असेल आणि हनुवटीवर पंजा ठेवून म्हणत असेल, "अगंबाई, चुकून दुसऱ्याच्याच घरी आले." आणि उपाशी परत जात असेल.