पान अकरा, ओळ सातवी

‘पान अकरा’ हे शब्द कानावर पडताच सरांना ते पत्र आठवले. बावीस वर्षांपूर्वी आलेले, रेघांच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेले. त्याचे उत्तर त्यांनी कधीच पाठवले नव्हते.

समोर त्यांची जुनी विद्यार्थिनी बसली होती. आता ती त्याच विभागाची प्रमुख होती, कानाजवळचे केस पांढरे झाले होते; पण या घरात आली की अजूनही खुर्चीच्या कडेवर बसायची, तोंडी परीक्षेला आल्यासारखी. लॅपटॉप मांडीवर उघडा होता. रुग्णाच्या शिरेत औषध ठरलेल्या वेगाने सोडणारा जो पंप असतो, त्याच्या आतला प्रोग्रॅम कधीही चुकणार नाही हे सिद्ध करून देण्याचे काम विभागाकडे आले होते. त्यासाठी सरांचा चोवीस वर्षांपूर्वीचा शोधनिबंध नेमका उपयोगी पडणार होता. पण हल्ली अशी सिद्धता नुसत्या माणसाच्या भरवशावर ठेवत नाहीत, एकेक पायरी यंत्राकडून तपासून घेतात. यंत्राने पहिली दहा पाने निमूटपणे पार केली आणि अकराव्या पानावर बसकण मारली.

“तीन आठवडे झाले सर. सातव्या ओळीच्या पुढं सरकायलाच तयार नाही. तुम्ही तिथं ‘हे उघड आहे’ म्हणून सोडून दिलंय ना, तेच त्याला उघड होत नाहीये,” ती हसत म्हणाली. “मठ्ठच आहे मेलं. म्हटलं तुम्हालाच विचारावं. दोन ओळी सांगा, मी भरते.”

दोन ओळी. पत्रातही तेच शब्द होते. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर न लावता हातातच धरून बसले.

पाठीमागे विद्यार्थी त्यांना ‘बहुधासर’ म्हणत. सरांना ते माहीत होते आणि त्यात चुकीचे काही आहे असेही त्यांना वाटत नव्हते. आज कोणता वार विचारला तरी ते “बहुधा मंगळवार” म्हणत. थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, जेवायला वाढू का विचारले तरी तेच. विषयही त्यांना स्वभावाला साजेसा मिळाला होता. नेहमीच्या तर्कशास्त्रात कुठलेही विधान एक तर खरे असते नाहीतर खोटे, मधली सोय नाही. सरांच्या तर्कशास्त्रात पुरावा हाती आल्याशिवाय यातले काहीच बोलता येत नाही. कपाट उघडून न पाहता ‘किल्ली आत असेल किंवा नसेल’ एवढे म्हणण्याचीही परवानगी नाही. आणि आहे म्हणायचे असेल तर किल्ली काढून दाखवायची. ताई म्हणायची, तुला पगार देऊन कुणीतरी गप्प बसायला शिकवलंय.

अशा माणसाने आयुष्यात एकदाच ‘हे उघड आहे’ असे लिहिले होते. ज्ञान टप्प्याटप्प्याने वाढत जाते आणि त्याच्या वाटा झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत जातात, असे त्या निबंधातले चित्र होते. सातव्या ओळीत म्हटले होते की या चित्रात ज्या दोन वाटा एकमेकींना खोडून काढत नाहीत, त्या पुढे कुठेतरी एकत्र येतात. संपादकांनी दोन पाने कमी करायला सांगितले आणि सरांनी नेमकी याच ओळीची सिद्धता गाळली. ती त्यांच्या डोक्यात होती. म्हणजे, एका सकाळी फिरताना ती पूर्ण सुचली होती असे त्यांना आठवत होते. त्याच निबंधावर ते पुढे प्राध्यापक झाले.

मग दोन वर्षांनी ते पत्र आले. लिहिणाऱ्या बाई दूरच्या एका गावात शाळेत गणित शिकवत. दर शनिवारी दुपारी बसने जाऊन त्या मोठ्या ग्रंथालयात नियतकालिके वाचत आणि सरांचा निबंध त्यांनी वहीत हाताने उतरवून घेतला होता. ‘आपण हे उघड आहे असे म्हटले आहे,’ त्यांनी लिहिले होते, ‘परंतु अकरा महिने प्रयत्न करूनही मला ते दिसत नाही. उणीव माझ्याच समजुतीत असणार. पुढच्या महिन्यात संशोधनासाठी अर्ज करायची मुदत संपते. आपण दोन ओळी कळवल्यात तर धीर येईल. जे उघड आहे तेही दिसत नसेल, तर या वाटेला जाऊ नये हे मला समजेल.’

सर त्याच संध्याकाळी त्या दोन ओळी लिहायला बसले. दोनाच्या वीस झाल्या, विसांची पाने झाली. पाचव्या आठवड्यात एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर त्यांनी पाच ठिपके काढले, त्यांना रेघांनी जोडले आणि हात थांबला. त्या पाच ठिपक्यांत दोन वाटा होत्या. त्या एकमेकींना कुठेही खोडत नव्हत्या आणि कुठेही भेटत नव्हत्या. ओळ खोटी होती.

त्याच दिवशी कळवायचे होते. अर्जाची मुदत संपायला तेव्हा चार दिवस होते. पण दुरुस्त करूनच पाठवू, असे सरांनी ठरवले. दुरुस्ती काही जमेना. मुदत गेली, वर्ष गेले. मग आधी उशिराची क्षमा मागायला हवी असे झाले आणि जितका उशीर तितके क्षमेचे शब्द जड होत गेले. शेवटी पत्र टेबलाच्या खणात एका पाकिटात राहिले आणि तो खण सर शक्यतो उघडत नसत.

“यंत्र मठ्ठ नाहीये,” सर म्हणाले. “ती ओळ चूक आहे.”

तिच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, डोळ्यांतले तेवढे गेले. सरांनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पाच ठिपके काढून दाखवले. तिने ते पाहिले, बोटाने एकेक रेघ चालून पाहिली, मग लॅपटॉपमध्ये भरले. ओळ खोटी आहे हे उत्तर यायला तिने श्वास सोडण्याइतकाही वेळ लागला नाही.

“हे आत्ता सुचलं तुम्हाला?”

सरांनी मान हलवली. नाही. आणि मग, बहुतेक जन्मात पहिल्यांदाच, त्यांनी सगळे क्रमाने आणि न अडखळता सांगितले. पत्र, बाई, शनिवार, पाकिटाची पाठ. ती ऐकत होती. मनातल्या मनात ती सालांचा हिशेब मांडते आहे हे त्यांना दिसत होते आणि तो कुठे येऊन थांबणार हेही माहीत होते.

“माझा प्रबंध त्याच्यानंतरचा आहे सर.”

“हो.”

“तिसरं प्रकरण सगळं त्या ओळीवर उभं आहे.”

“मी तुला म्हणालो होतो. ही ओळ बहुधा वापरू नये, असं.”

“सर,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही ‘बहुधा’ कशाला म्हणत नव्हता?”

स्वयंपाकघरात ताईने भांडी घासता घासता नळ बंद केला होता, म्हणजे ती ऐकत होती.

थोड्या वेळाने विद्यार्थिनीने लॅपटॉप मिटला. पंपाचे काम अडणार नाही, एक अट जास्तीची घातली की मुख्य निष्कर्ष तरतो, असे ती सांगू लागली. विभागप्रमुख म्हणून बोलावे तशा सुरात. चूक कशी सापडली हे लिहावे लागेल, यंत्राने दाखवली असे लिहू, म्हणजे कुणाला काही विचारायला नको. हे ती सरांसाठी करत होती आणि ते सरांना कळत होते, म्हणून जास्तच लागले.

“तसं लिहू नकोस. यंत्राच्या आधी त्या बाईंना सापडली होती.”

“त्यांना चूक नव्हती सापडली सर. त्यांना वाटलं आपल्यालाच समजत नाही.” ती उठली, पिशवी खांद्याला लावली. “त्यांना कळवा आधी. माझ्या प्रकरणाचं माझं मी बघते.”

दारापर्यंत जाऊन ती परत वळेल आणि काहीतरी बोलेल असे सरांना वाटले. तिने चप्पल घातली, दार हलकेच ओढून घेतले आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी शाळेला फोन लावला. पत्रावर शाळेचाच पत्ता होता. फोन घेणारी कारकून बाई बोलकी होती. त्या बाई मागच्या वर्षी निवृत्त झाल्या, ती म्हणाली. एकट्याच असतात, प्रकृती बरी आहे, शाळेमागच्याच गल्लीत घर. तुम्ही कोण, नातेवाईक का? सरांनी सांगितले की एका पत्राचे उत्तर द्यायचे राहिले आहे. बाई काय शिकवत होत्या, हे विचारायचे नव्हते, तरी तोंडून गेले.

“गणितच की. पण कायम पाचवी-सहावी. मोठे वर्ग दिले की हात जोडायच्या. आमच्या मुख्याध्यापकांनी दोनदा विनवलं. म्हणायच्या, माझी पोच तेवढी नाही, मी एकदा नीट पारखून घेतलंय.” ती हसली. “आणि गंमत बघा, वरच्या वर्गांचे सर अडले की हळूच त्यांच्याकडेच जायचे विचारायला. वीस-बावीस वर्षं हेच. पत्ता लिहून घेता ना?”

सरांनी पत्ता लिहून घेतला. कारकून बाईने तो दोनदा सांगितला.

पत्र लिहायला तीन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात क्षमाच इतकी होती की गणित तिसऱ्या पानावर आले, तो फाडला. दुसऱ्यात नुसते गणित होते. तो विभागाच्या परिपत्रकासारखा वाटला. तिसरा एका पानाचा झाला. वर पाच ठिपके, शाईने नीट काढलेले. खाली: आपल्याला जे दिसत नव्हते, ते तिथे नव्हतेच. अकराव्या पानावरची सातवी ओळ खोटी आहे. उणीव आपल्या समजुतीत नव्हती, माझ्या लिहिण्यात होती. दुरुस्त निबंधात हे प्रथम आपल्या लक्षात आले असे नोंदवण्याची परवानगी असावी. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल लाज वाटते.

तो त्यांनी ताईला वाचायला दिला. ताई चाळीस वर्षे परिचारिका होती. गणिताशी तिला देणेघेणे नव्हते, पण कागद ती वाचायची ते रुग्णाच्या खाटेला लावलेला तक्ता वाचावा तसा, वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत.

“कळलं कधी ते नाही लिहिलंस.”

“चूक आहे एवढं लिहिलंय की.”

“ते वाचलं मी. तुला कधी कळलं?” ताईने कागद टेबलावर ठेवला. “हे वाचून तिला वाटणार, म्हाताऱ्याला परवा कळलं आणि बिचाऱ्यानं लगेच पत्र टाकलं. उलट तुझंच कौतुक करेल ती.”

सरांनी कागद पुन्हा आपल्याकडे ओढला.

“आमच्या वॉर्डात चुकीचं औषध दिलं गेलं तर दोन वेळा लिहायच्या असायच्या. किती वाजता दिलं आणि किती वाजता कळलं. पहिली कुणीही लिहायचं, चूक काय, कुणाच्याही हातून होते. दुसरी लिहिताना भल्याभल्यांचा हात थरथरायचा.” जरा थांबून ती म्हणाली, “एकदा माझाही थरथरलाय. पण लिहिली.”

“ताई, मग ती मला काय म्हणेल?”

“ते तिचं तिला ठरवू दे ना. बावीस वर्षं सगळं तूच ठरवलंयस.”

ती उठून वाळत घातलेले कपडे काढायला गेली. सरांनी नवा कागद घेतला. खण उघडला, पाकीट काढले, पत्रावरची तारीख पाहिली आणि पाच आठवडे मोजून कागदावर दिवस, महिना, साल लिहिले. त्यापुढे एवढेच घातले: या दिवशी मला ही चूक कळली. आपल्या अर्जाची मुदत संपायला तेव्हा चार दिवस होते. वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचले नाही. वाचले असते तर सुधारले असते.

टपाल कार्यालयात खिडकीसमोर चार-पाच माणसे होती. सरांचा नंबर आला तेव्हा आतल्या माणसाने पाकीट तळहातावर तोलले आणि साधे का रजिस्टर विचारले.

“पोचपावती लावून देऊ का? मिळालं की सही होऊन तुमच्याकडे परत येते.”

सरांनी क्षणभर विचार केला. त्या बाईंना दारात उभे राहून आपल्या समाधानासाठी सही करावी लागेल, हे काही त्यांना पटेना.

“नको. साधंच जाऊ दे.”

माणसाने तिकीट चिकटवले, शिक्का मारला, पाकीट मागच्या पोत्यात टाकले आणि सरांच्या खांद्यावरून पाहत पुढच्याला बोलावले. सर बाजूला झाले. रांगेतल्या मागच्या बाई पुढे सरकल्या. पोत्याच्या तोंडाशी पाकिटाचा एक कोपरा अजून दिसत होता. मग त्यावर दुसरे पत्र पडले, आणखी एक पडले, आणि सर भिंतीला टेकून तिथेच उभे राहिले.