चावलेले चंद्र

मामाचा धंदा दात करण्याचा. दवाखान्यांतून माणसांच्या तोंडाचे साचे यायचे आणि तो दिवसभर दिव्याखाली मान घालून मेणाच्या दाढा कोरायचा, कवळ्या जुळवायचा. केसाइतकं इकडेतिकडे झालं तरी माणसाला घास चावता येत नाही, असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. त्यामुळे सुट्टीच्या पहिल्याच दिवशी ताईने कामावर निघताना सांगितलं, "उद्या पाहुणे येतायत, ठिणगीला घेऊन खिडकीत टांगायला चार चांदण्या कर," तेव्हा त्याला हसूच आलं.

"एवढंच ना? ते तर माझ्या डाव्या हाताचं काम."

ठिणगी म्हणजे त्याची भाची. वय साडेपाच. दिवसातून तीनदा काहीतरी सांडायची, सहादा पडायची आणि एकदाही गप्प बसायची नाही.

चांदण्या खाऱ्या पिठाच्या करायच्या आणि भाजून कडक करायच्या, असं मामाने ठरवलं. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, लागेल तसं पाणी. पाणी ठिणगीने ओतलं, म्हणून मग आणखी मैदा लागला, मग आणखी मीठ, मग पुन्हा पाणी. शेवटी परातीत जमलेला गोळा ठिणगीच्या डोक्याएवढा झाला आणि थोडा डोक्यालाही लागला. आजोबा वर्तमानपत्राच्या कडेवरून सगळं बघत होते.

"एवढ्यात पलटण जेवली असती," ते म्हणाले.

मामाने कोरायची बारीक सुरी काढली आणि चांदणीवर वाकला. अर्धा तास गेला. तेवढ्यात ठिणगीने एक पाल, दोन चपला आणि एक शिंकणारा ढग करून टाकला.

"झाली!" मामाने चांदणी तळहातावर धरली.

ठिणगीने मान तिरकी केली. "मामा, ही दाढ आहे."

"दाढ? पाच टोकं आहेत की!"

"पाच टोकांची दाढ आहे."

आजोबांनी चष्मा वर सारला. "खालची. उजवीकडची."

मामाने नीट पाहिलं. खरंच दाढ होती. हाताला वळणच तसं पडलेलं, कडा आपोआप गोल होत होत्या, मध्ये खळगा पडत होता. त्याने बदक केलं, त्याचा सुळा झाला. घंटा केली, तिला मुळं फुटली. ठिणगी हसून हसून खुर्चीवरून घसरली आणि टेबलाखालूनच ओरडली, "अजून एक दाढ कर ना!"

मामा इरेला पेटला. "चंद्र करतो. त्यात चुकायला काय आहे?" पेला दाबून त्याने धडाधड चार गोल कापले, नळीने दोऱ्यासाठी भोकं पाडली.

"हे गोल आहेत. मला अर्धा पाहिजे," ठिणगी म्हणाली आणि मामा सुरी उचलतोय तोवर तिने चंद्राचा लचका तोडला.

"थू! थू थू थू! समुद्र आहे यात!"

पाच चुळा झाल्या, जीभ टॉवेलला पुसून झाली. मामा मात्र चंद्र हातात धरून उभाच. चावलेल्या कडेवर एकेक दात असा लख्ख उमटला होता की इतका सुरेख साचा त्याच्या टेबलावर कधी आला नव्हता. फक्त एक दात जरा कलंडलेला.

"ठिणगे, आ कर बघू." त्याने खालच्या दाताला बोट लावलं. "अगं, हा हलतोय!"

झालं! ठिणगीने घराला तीन फेऱ्या मारल्या. "माझा दात हलतोय! आजोबा, बघा, हलतोय!" आजोबांचं बोट ओढून तिने स्वतःच्या तोंडात घातलं. मग हुकूम सुटला, "आता सगळ्यांनी चावायचं!"

मामाने चावलं, थुंकला.

"मी काय उंदीर आहे?" आजोबा म्हणाले, पण वर्तमानपत्र तोवर खाली गेलं होतं. त्यांनी मोठ्या ऐटीत चंद्र तोंडात धरला, चावला आणि ओढला. चंद्र बाहेर आला तो वरची कवळी घेऊनच. टेबलावर ठेवला तर आख्खी बत्तिशी दाखवत हसतोय!

ती कवळी मामानेच केलेली.

"फांगत होतो तुला," आजोबा गरजले, "फैल आहे म्हणून!"

मामा जमिनीवर बसला, मग आडवाच झाला. ठिणगी त्याच्या पोटावर पडून खिदळत राहिली. शेवटी आजोबाही हसले, आणि दातांशिवायचं त्यांचं हसू बघून दोघांना पुन्हा उबळ आली.

सगळं मंद आचेवर ओव्हनमध्ये गेलं. तासाभराने मामाने ताट टेबलावर काढलं, सगळं उलटवायचं होतं म्हणून. तेवढ्यात ठिणगी त्याला आणि आजोबांना दोरा शोधायला ओढून घेऊन गेली.

ताई आली ती दिवसभराची उपाशी. हॉस्पिटलच्या वॉर्डात पाणी प्यायलाही सवड मिळाली नव्हती. टेबलावर गरमागरम बिस्किटं बघून तिला भावाचं भारी कौतुक वाटलं. त्यातलं नीटस, अख्खं असं एकच होतं, ते तिने उचललं.

किंकाळी ऐकून तिघं धावत आले. ठिणगीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तिच्या हाताकडे पाहिलं.

"आईनेपण केला! न सांगता केला!"

"पाणी," ताई कशीबशी म्हणाली.

दिवेलागणीला खिडकीत चार चंद्र डुलत होते, आणि त्यांच्या मध्ये दोन दाढा, एक सुळा, एक पाल. तिसरा पेला रिकामा करत ताईने विचारलं, "उद्या पाहुण्यांना काय सांगायचं?"

"जेवून या म्हणावं," आजोबा म्हणाले. कवळी आता जागेवर होती.

स्वयंपाकघरातून काहीतरी फरफटत येत होतं. ठिणगी मैद्याचा डबा दोन्ही हातांनी ओढत आणत होती.

"पाहुणे किती आहेत, मामा? तेवढे गोल काप."