राजकन्येचा झगा

"हनुवटी वर. खांदा प्लेटला टेकवा, अजून थोडा..." एक्स-रे काढणारी बोलता बोलता थांबली. "अय्या! तुम्ही गणिताच्या बाई ना?"

बाईंनी मान वळवून वर पाहिलं. इतकी उंच मुलगी त्यांनी आयुष्यात एकच शिकवली होती.

"शिडी?" त्यांच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली.

"तीच," ती हसली. "नाटकातनं काढलेली."

एकतीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी एकच संगीत नाटक बसवलं होतं. गाण्याचे सर पाय मोडून घरी बसले, कार्यक्रम तीन आठवड्यांवर आलेला. बाईंना पियानो वाजवता येतो म्हणून मुख्याध्यापकांनी ते त्यांच्या गळ्यात मारलं. बाईंनी ते गणितासारखंच सोडवलं. कोणी कितव्या पावलावर वळायचं, सगळं खडूने जमिनीवर आखून दिलं.

राजकन्या सरांनीच आधी निवडलेली होती. आवाज असा, की तालमीच्या वेळी शिपाई झाडू धरून दारात उभा राही. पण निवड झाल्यापासून चार महिन्यांत पोरगी ताडमाड वाढली होती. राजपुत्र जेमतेम तिच्या खांद्याला लागायचा. दोघांचं गाणं सुरू झालं की बाकीची पोरं खिदळायची. दहा दिवस उरले असताना बाईंनी राजकन्या बदलली आणि शिडीच्या हातात पडद्याची दोरी दिली.

नाटक झकास झालं. पुढच्या वर्षी सर काठी टेकत परत आले, आणि बाईंना पुन्हा कोणी विचारलं नाही. निवृत्तीनंतर मात्र बाईंना वर्गांपेक्षा ते नाटकच जास्त आठवे. आठवायच्या त्या टाळ्या.

"राग आला असेल तुला," बाई म्हणाल्या.

"काढल्याचा नाही आला. सगळे हसतायत हे मलाही दिसत होतंच की. झग्याचा आला."

"कुठला झगा?"

"राजकन्येचा. आईनं शिवलेला, निळा. तुम्ही तो पिशवीत घालून माझ्याच हाती घरी पाठवलात. म्हणालात, आईला सांग, वीतभर आखूड करून दे."

बाईंना हे आठवेना. खडूच्या रेघा आठवत होत्या, राजपुत्राचे सैल बूटसुद्धा आठवत होते. पिशवी काही केल्या आठवेना.

"आई काय म्हणाल्या?"

"मशीनवर बसली. कापला मात्र नाही तिनं. आत दुमडून नुसती टीप मारली. म्हणाली, बाईंचं मन बदललं, तर पटकन उसवता येईल." तिने बाईंचं कोपर अलगद वळवलं. "दहा दिवस वाट बघितली आम्ही दोघींनी. आता हलू नका."

ती काचेमागे गेली. मशीन घुमलं, थांबलं. ती परत आली.

"नाटकाला आल्या होत्या त्या?" बाईंनी विचारलं.

"तिसऱ्या रांगेत बसली होती. घरी जाताना म्हणाली, पडदा अगदी वेळेवर पडत होता गं."

बाई स्टुलावर बसल्या. दुखरा हात त्यांनी मांडीवर घेतला.

"चुकलं गं माझं."

आता ही 'जाऊ द्या हो, लहान होतो आम्ही' म्हणेल, असं त्यांना वाटलं.

"हो बाई, चुकलं," ती म्हणाली. आवाज मऊच होता.

मग तिने खुंटीवरचा स्वेटर काढला. आधी दुखरा हात, मग दुसरा, अशा बाह्या चढवल्या. बाहेर पुढचा पेशंट दारावर टकटक करत होता. "एक मिनिट," तिने ओरडून सांगितलं, आणि बाईंसमोर गुडघ्यावर बसून खालपासून एकेक बटण लावायला घेतलं. बाई लहान मुलासारख्या हनुवटी वर धरून बसून राहिल्या.