शेवटची पाळी

तौनो बुडाला ही गोष्ट आम्ही दोघींनी कुणालाच सांगितली नाही. तौनो माझा धाकटा भाऊ. नोव्हेंबरात तळं नुकतंच गोठलं होतं, बर्फ धड कुत्र्याचं वजन पेलेल असाही नव्हता, आणि हा शहाणा जाळी बघायला निघाला. मी ओरडले, तर म्हणाला, "सायमी, तू घरात बसून पाव खा. बर्फाचं मी बघतो." काठापासून जरा आत एक काळं भोक आणि त्याच्या कडेला त्याची लोकरीची टोपी, एवढंच आम्हाला सापडलं. संध्याकाळपर्यंत भोकही गोठून गेलं.

मी पोलिसांना फोन लावायला घेतला होता. लामाराने तो माझ्या हातातून काढून घेतला.

लामारा जॉर्जियाची. टोमॅटोच्या काचघरात कामाला म्हणून आली आणि तौनोबरोबर आमच्याच घरात राहिली. लग्न झालेलं नव्हतं, कारण तिचा तिकडचा नवरा घटस्फोटाला सही देत नव्हता. आमच्या गावात त्याचं कुणाला काही नव्हतं. परदेशी लोकांच्या कचेरीला मात्र होतं. ही दोघं खरोखर एकत्र राहतात आणि पुढेही राहणार आहेत, हे तिथे पटलं तरच तिला परवाना मिळणार. अर्ज वर्षभर पडून होता. निकाल लागेपर्यंत तिला इथे राहायची मुभा होती, पण ती तौनोच्या जिवावर. तौनो नाही तर अर्ज नाही, अर्ज नाही तर लामाराही नाही.

"तो तर गेलाच," ती म्हणाली. "मीही गेले, तर तू या घरात भांडणार कुणाशी?"

मी फोन ठेवला. उगाच तिच्या भल्याचं सोंग कशाला आणू, मला ती हवी होती. मला मूलबाळ नाही, आणि माझ्या हातच्या मासळीला नावं ठेवून दोनदा वाढून घेणारी तेवढी एकच होती.

मग शनिवार आला. शनिवारी सॉना तापवायचा, त्यात खंड नाही, घरात कुणी मेलं तरी. आमचा सॉना, म्हणजे वाफेने अंघोळ करायची खोली, खाली तळ्याकाठी आहे, लाकडी, एका दाराचा; चुलीवर दगड तापवायचे आणि त्यांवर पाणी टाकून वाफेत बसायचं. आई असताना एक नियम होता, तो मी अजून पाळते. सगळ्यांचं झालं की चूल तशीच पेटती ठेवायची, बादलीत पाणी भरून ठेवायचं, दार लोटायचं आणि मागे न बघता वर यायचं. शेवटची पाळी माणसांची नसते. मग कुणाची, ते आईने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

आम्ही दोघी ओल्या केसांनी वर आलो, तेवढ्यात कचेरीची बाई दारात उभी. इंकेरी नाव, तरुण, गोड बोलणारी. बूट काढून मोज्यांवर आत आली आणि म्हणाली, तौनोला भेटायचंय.

"सॉनात आहे," मी बोलून गेले.

आमच्याकडे याहून चांगली सबब नाही. सॉनात बसलेल्या माणसाला कुणी बाहेर ओढत नाही, तो आमदार असो की चोर. पण बोलल्यावर माझ्या लक्षात आलं की आत्ता तिथे कुणाची पाळी चालू आहे ती.

मला वाटलं होतं तशी बाईला घाई नव्हती. थांबते म्हणाली. कॉफी प्यायली, वेलदोड्याचा पाव खाल्ला, घर पाहिलं, दोन उश्या पाहिल्या, तौनोचा वस्तरा पाहिला. तो काय खातो, झोपतो कसा, असं लामाराला विचारलं. लामारा हसून सांगत होती की रात्री घोरतो आणि दिवसा तोंड उघडत नाही. आमच्याकडे हिवाळ्यात होतं तसं बाहेर दुपारीच अंधारलं. शेवटी बाई उठली. रस्ता लांबचा आहे, म्हणाली, दाराबाहेरूनच विचारून जाते.

काहीतरी सुचेल म्हणत मी तिच्यामागून उतरले, माझ्यामागून लामारा. काही सुचलं नाही. धुराड्यातून धूर येत नव्हता. बाईने दार वाजवलं. आत सामसूम. लामाराची नखं माझ्या मनगटात रुतली.

आणि आत दगडांवर पाणी चुरचुरलं.

"तौनो, बाहेर येऊ नका, दोनच प्रश्न," बाई म्हणाली. "लामारा तुमच्याबरोबर राहते?"

"राहते."

तौनोचाच आवाज. फक्त घोगरा, घशात पाणी गेल्यावर होतो तसा.

"आणि यापुढेही एकत्रच राहायचं ठरलंय?"

पुन्हा पाणी चुरचुरलं.

"हो. तिला आत पाठवा. मला थंडी वाजतेय."

बाई हसली. सॉनात बसून थंडी वाजते म्हणणारा पहिलाच भेटला, आणखी दोन लाकडं घाला म्हणावं, असं म्हणत ती गाडीकडे गेली. तिचे दिवे वळणापलीकडे गेल्यावर मी दार उघडलं. आत कुणी नव्हतं. बादली रिकामी होती. दगड हाताला गार लागले, आणि मघाशी ती चूल मी स्वतः पेटवली होती. फळीवर माणूस बसतो तेवढीच जागा ओली होती आणि तिथलं पाणी गोठायला लागलं होतं.

मागे वळून बघते तर लामारा हसत होती. "ऐकलंस ना?" ती म्हणाली. "आहे तो."

नाताळाच्या आधी परवाना आला. मी आत मासे भरून भाकरी भाजली, घरातली चांगली ताटं काढली. लामाराने दोन घास खाल्ले आणि खिडकीतून तळ्याकडे बघत बसली. नंतरच्या शनिवारी ती सॉनाच्या पायरीवर बसून राहिली. मग दाराशी बोलू लागली, आधी हळू, मग खुशाल, नवऱ्याशी बोलावं तसं. मी रागावले, शिव्या दिल्या.

"मला परवाना कुणाबरोबर राहायचा मिळालाय?" तिने विचारलं. "त्याच्याबरोबरच ना? मग त्याच्याबरोबर राहायला नको?"

मीच मिळवून दिला होता तो परवाना.

त्याच्या पुढच्या शनिवारी आमचं दोघींचं आटोपलं, आणि ती दोन टॉवेल घेऊन पुन्हा खाली निघाली. मी हाका मारल्या. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. तेव्हा मी पोलिसांना फोन लावला आणि सांगितलं, माझा भाऊ नोव्हेंबरात बुडालाय, लवकर या. मग तशीच अनवाणी धावले. कडीवर तिचा हात होता. मी तिला बर्फात पाडलं आणि तिच्या अंगावर बसून राहिले. पाव खाऊन वाढवलेलं वजन तेवढ्यापुरतं कामी आलं. ती मला बुक्क्या मारत होती, तिच्या भाषेत रडत होती. आत दगडांवर पाणी चुरचुरत होतं. एकदा आतून माझंही नाव ऐकू आलं. मी ओ दिली नाही. माझा एकुलता एक भाऊ, आणि मी ओ दिली नाही.

पाणबुड्यांना तो सॉनाच्या धक्क्याखालीच सापडला, बर्फाला पाठ लावून. डॉक्टर म्हणाले, पहिल्या बर्फापासून पाण्यात आहे. इंकेरी बाई पुन्हा आली, या वेळी कॉफीला शिवलीही नाही.

"मग मी बोलले कुणाशी?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तुम्ही ज्याचं उत्तर लिहून नेलंत त्याच्याशी. तिने लगेच कोट घातला.

परवाना रद्द झाला. तौनोला मूठमाती दिली आणि त्याच आठवड्यात लामाराला निघावं लागलं. बसथांब्यावर मी तिच्या पिशवीत खारवलेली मासळी कोंबली. तिने ती काढून बाकावर ठेवली आणि बसमध्ये चढली. पोहोचल्यावर कळवते, एवढंही म्हणाली नाही. घरी येऊन मी खूप रडले. भावासाठी रडले नव्हते तेवढी.

आता दर शनिवारी मी कुटाइसीला, तिच्या गावी, फोन लावते. ती उचलते, माझा आवाज ऐकते आणि एक शब्द न बोलता ठेवून देते. उचलते, म्हणजे जिवंत आहे. पुढच्या शनिवारी मी पुन्हा लावते.